धक्क्याला लागताना

भर समुद्र ओलांडून जहाज बंदरात शिरले, की ‘हत्ती गेला नि शेपूट राहिले’ असे आपणांस वाटते. परंतु पुष्कळदा संकट ओढवते ते या शेपटापाशीच.

२ जून २०१९ रोजी सकाळी इटलीतील व्हेनिस शहरी याचा प्रत्यय आला. ज्युदेक्का कालव्यातून येणारे ‘एमएससी ऑपेरा’ हे सुमारे २७५ मीटर लांबीचे प्रवासी जहाज तांत्रिक बिघाडामुळे आवरेना. टगबोटींनी ते रोखू पाहिले, तो दोरखंडच तुटला. जहाज सान बाझिलिओच्या धक्क्यावर आदळले आणि तेथे बांधलेल्या ‘रिव्हर काउंटेस’ या पर्यटकनौकेला त्याने रेटले. काही जण जखमी झाले; सुदैवाने प्राणहानी टळली.

जहाजाचा वेग फार नव्हता. पण पाण्यात मोटारीसारखा ब्रेक लागत नाही, आणि हजारो टनांचा भार संथपणे आला तरी धक्का फोडतो. मग चढउताराच्या शिडीची काय कथा! म्हणूनच दोर पक्के बांधल्यावाचून शिडी लावीत नाहीत.

पुढे १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना हा कालवा बंद करण्यात आला. किनारा दिसताच उतरण्याची घाई करणाऱ्या उतारूंनी, आणि धक्क्यावर स्वागतास उभ्या असलेल्या आप्तांनीही, तेवढा वेळ धीर धरणेच हिताचे.