जांघेतील सुई आणि सोनोग्राफी: गैरसमज व वस्तुस्थिती

नांदेड-लातूरकडील ज्या रुग्णाचे हृदय अकस्मात भरधाव धडधडू लागते आणि ज्याला स्थानिक डॉक्टर मोठ्या केंद्राकडे जाण्याचा सल्ला देतात, तो देगलूर-किनवटचा असल्यास बहुधा हैदराबादची आणि निलंगा-औशाचा असल्यास पुण्या-मुंबईची वाट धरतो. तेथे ‘अ‍ॅब्लेशन’ (नळी हृदयापर्यंत नेऊन धडधडीवर केला जाणारा उपचार) हा शब्द कानी पडताच घरच्यांची सारी चिंता हृदयापाशी एकवटते. वस्तुतः या उपचारात सर्वाधिक वेळा इजा होते ती हृदयाला नव्हे, तर नळी जेथून आत शिरते त्या जांघेतील जागेला. म्हणून त्या जागेविषयीचे गैरसमज दूर होणे अगत्याचे आहे.

गैरसमज: अ‍ॅब्लेशन हे अँजिओग्राफीसारखेच आहे.

वस्तुस्थिती: अँजिओग्राफीची नळी रोहिणीतून जाते, तर अ‍ॅब्लेशनची बहुधा जांघेतील नीलेतून, कारण नीला अशुद्ध रक्त थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोचविते. १९२९ साली वेर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टरने स्वतःच्या हाताच्या नीलेतून ६५ सेंटिमीटर नळी हृदयापर्यंत नेऊन हा मार्ग शक्य असल्याचे दाखविले, आणि १९५३ साली स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सुईतून तार व तारेवरून नळी सरकविण्याची जी रीत प्रसिद्ध केली, तीच आजही सर्वत्र चालू आहे.

गैरसमज: सोनोग्राफी गरोदर बाईची असते, हृदयरोग्याला तिचे काय काम? शिवाय तिचे किरण अपायकारक असतात.

वस्तुस्थिती: सोनोग्राफी केवळ गर्भासाठी नसते; १९९४ च्या कायद्याने मनाई केली ती तिने गर्भाचे लिंग पाहण्यास व सांगण्यास, नस पाहण्यास नव्हे. या यंत्रात क्ष-किरण नसतात; कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी असतात. जांघेवर यंत्राचा दांडा टेकविला की पडद्यावर दोन काळी वर्तुळे उमटतात. दांडा किंचित दाबला की त्यांतील एक चपटे होऊन मिटते, ती नीला, आणि दुसरे दाबाला न जुमानता उडत राहते, ती रोहिणी. मग डॉक्टर सुईचे टोक नीलेत उतरताना प्रत्यक्ष पाहतात.

गैरसमज: कसलेल्या डॉक्टरला यंत्राची गरज भासत नाही.

वस्तुस्थिती: जुन्या रीतीत रोहिणीची नाडी बोटाने चाचपून तिच्या आतल्या अंगाला सुई घालतात; परंतु कित्येकांच्या शरीरात रोहिणी नीलेवर अंशतः आडवी आलेली असते, आणि हा फेरफार कोणत्याही बोटाला कळत नाही. रोहिणीला छिद्र पडले तर रक्त साकळते, तिच्यालगत रक्ताचा फुगा धरतो, क्वचित रोहिणी व नीला यांचा अनिष्ट जोड तयार होतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अल्ट्रा-फास्ट’ या युरोपीय चाचणीत सोनोग्राफीने व जुन्या रीतीने सुई घातलेल्या एकूण ३२० रुग्णांची तुलना झाली, तेव्हा सोनोग्राफीमुळे वेळ वाचला, वारंवार टोचणे कमी झाले आणि रोहिणीत चुकून सुई जाण्याचे प्रसंगही घटले.

गैरसमज: सोनोग्राफी वापरली म्हणजे जोखीम संपली.

वस्तुस्थिती: त्याच चाचणीत गंभीर गुंतागुंतीतील फरक निर्णायक ठरला नाही, कारण असे प्रसंग मुळातच थोडे होते. शिवाय अनियमित स्पंदनाच्या रुग्णाला पक्षाघात टाळण्यासाठी रक्त पातळ करणारी गोळी बहुधा चालू असते. ती आपल्या मनाने बंद करणे घातक, आणि ती चालू असताना जांघेची हयगय करणेही तितकेच घातक. म्हणून उपचारानंतर सांगितलेला वेळ पाय सरळ ठेवून पडून राहावे, आणि परतीच्या लांब प्रवासाची परवानगी डॉक्टरांकडून घेऊनच गाडीत बसावे. वाटेत रक्त वाहू लागल्यास ती जागा घट्ट दाबून धरून जवळचे रुग्णालय गाठावे. घरी आल्यावर जांघेत ठोके देणारी गाठ वा वाढती सूज दिसली, तर हैदराबाद-पुण्याच्या पुढल्या तारखेची वाट न पाहता नांदेडमधील विष्णुपुरीच्या अथवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवावे. असा फुगा डॉपलर सोनोग्राफीत ओळखता येतो.

संमतिपत्रावर सही अथवा अंगठा करण्यापूर्वी रुग्णाने वा नातेवाइकाने निःसंकोच विचारावे, “डॉक्टरसाहेब, नस सोनोग्राफीवर पाहून सुई घालणार ना?” हा प्रश्न विचारण्याचा प्रत्येक रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.