आल्याने सोडवलेला पेच

टोकियोतल्या एखाद्या साध्या खानावळीत दुपारच्या सुट्टीत डोकावले, तर कचेरीतली माणसे मान खाली घालून मुकाट जेवताना दिसतात. समोर वाफाळता भात, वाडगाभर मिसो सूप, लोणच्याच्या दोन-चार फोडी, केसासारख्या बारीक चिरलेल्या कच्च्या कोबीचा ढीग आणि त्याला टेकून मांसाचे तपकिरी, चकचकीत काप. हे ‘शोगायाकी’. ‘शोगा’ म्हणजे आले, ‘याकी’ म्हणजे भाजलेले. मांस डुकराचे, पण नावात मान आल्याला! घरोघरी होणारा, डब्यातही जाणारा हा पदार्थ. आपल्याकडे पिठले-भाताचे जे स्थान, जवळपास तेच त्याचे.

हे पाहून वाटावे, की जपानी माणूस हजारो वर्षे हेच खात आला असेल. खरी गोष्ट उलटी आहे. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मू यांनी गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस वर्षातले काही महिने खाण्यास मनाई केली. डुक्कर त्या यादीत नव्हते. पण बौद्धांची अहिंसा आणि शिंतो धर्मातले सोवळे-ओवळे यांच्या प्रभावाने पुढे चार पायांच्या प्राण्यांचे मांसच निषिद्ध मानले जाऊ लागले. अर्थात, बंदी आली की पळवाट आलीच. रानडुकराला ‘डोंगरातला देवमासा’ म्हणायचे आणि औषध म्हणून खायचे! नाव बदलले की पाप टळते, हा शोध काही एकट्या जपानचा नव्हे.

१८७२ साली सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले. पाश्चात्त्यांच्या बरोबरीला यायचे, तर त्यांच्यासारखे खाल्ले पाहिजे, असा तेव्हाचा विचार. त्याने सगळे सुखावले नाहीत. त्याच वर्षी काही तपस्वी निषेध करीत राजवाड्यात घुसले आणि त्यांतले काही जिवाला मुकले. ताटातल्या घासासाठी माणसे प्राण देतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

राजाने परवानगी दिली. पण मांस जिभेवर रुळवले ते स्वयंपाकघराने. १८९९ च्या सुमारास गिन्झातल्या ‘रेंगातेई’ उपाहारगृहाने युरोपी कटलेट डुकराच्या मांसाचे करून भरपूर तेलात तळले. सोबत कच्चा कोबी देण्याची रीतही तिथलीच सांगतात. घरच्या चुलीने याहून सोपी वाट धरली. परक्या मांसाला तिने ओळखीच्या आल्याची आणि सोया सॉसची सोबत दिली.

कृती अगदी सुटसुटीत. दोघांसाठी पाव किलो मांसाचे पातळ काप घ्यावेत. चरबी आणि मांस यांच्या मधल्या शिरेला सुरीने चिरा द्याव्यात, म्हणजे काप तव्यावर आक्रसत नाहीत. दोन मोठे चमचे सोया सॉस, तेवढेच मिरिन म्हणजे तांदळाचे गोडसर मद्य, एक चमचा साके आणि एक चमचा किसलेले आले एकत्र करावे. मिरिन नसेल तर थोडी साखर चालते. तवा चांगला तापवून, थोड्या तेलावर काप दोन्ही बाजूंनी पुरते शिजवावेत आणि मगच हे मिश्रण ओतावे. आधी ओतले तर त्यातला गोडवा करपतो. मिनिटभरात रस आटून कापांना चिकटला, की उतरवावे. आल्यातल्या एका पाचक द्रव्याने मांस मऊ होते; म्हणूनच ते आल्यात फार वेळ मुरत ठेवू नये, नाहीतर त्याचा लगदा होतो. ताटातला कोबी उरलेल्या रसात बुडवून खावा.

दहा-पंधरा मिनिटांचे काम. मात्र त्यामागे बाराशे वर्षांचा संकोच आहे. कोणी काय खावे, यावर फर्माने निघतात, वाद होतात, प्रसंगी रक्तही सांडते. ‘आपले’ आणि ‘परके’ यांचा निवाडा मात्र शेवटी एखादी गृहिणीच करते, हातात किसणी आणि आल्याचा तुकडा घेऊन. तिने एकदा आपले म्हटले, की दोन पिढ्यांनंतर ते कधी परके होते याची आठवणही उरत नाही.