स्पॅनिश बोलीतील ‘उमजणे’

‘कळणे’ ही क्रिया डोळ्यांना दिसत नाही. म्हणून बहुतेक भाषा तिच्यासाठी एखाद्या दृश्य व्यापाराचा आश्रय घेतात. स्पॅनिशमधील ‘कोम्प्रेन्देर’ हे शिष्ट क्रियापद लॅटिनमधील ‘पकडणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आलेले आहे. परंतु शिष्ट शब्दांतील रूपक वापराने झिजून जाते व बोलणाराला त्याची जाणीव राहत नाही. बाजारी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या बोलीत मात्र ते ताजे असते. अशा काही स्पॅनिश प्रयोगांचा विचार येथे करावयाचा आहे.

मेक्सिकोत एखादी गोष्ट उशिरा ध्यानात आली म्हणजे ‘मे कायो एल बेइन्ते’ असे म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ ‘माझे वीस पडले’ असा आहे. सार्वजनिक दूरध्वनीच्या यंत्रात वीस सेंताबोंचे नाणे टाकावे लागे आणि ते आत पडल्यावाचून संभाषण जुळत नसे. त्यावरून हा प्रयोग रूढ झाला. अर्जेंटिनात नाण्याऐवजी ‘फिचा’, म्हणजे टोकन, पडते. ती नाणी आणि ती यंत्रे व्यवहारातून गेली. तथापि ज्यांनी ती कधी पाहिली नाहीत अशा तरुणांच्या तोंडीही हे प्रयोग टिकून आहेत.

चिलीमध्ये ‘कचार’ हे क्रियापद ‘समजणे’ या अर्थी चालते. ते इंग्रजी ‘कॅच’वरून आले असे सामान्यतः मानण्यात येते. आपण जसे बोलताबोलता ‘कळलं ना?’ असे विचारतो, तसे तेथील लोक ‘काचाई?’ असे विचारतात. शेजारच्या पेरूमध्ये मात्र हेच क्रियापद अश्लील समजले जाते; तेव्हा परक्याने ते जपून वापरावे हे बरे.

ब्वेनोस आयरेस नगरीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लुन्फार्दो’ ही बोली आकारास आली. तीत ‘मान्यार’ हे क्रियापद ‘ओळखणे, उमजणे’ या अर्थी येते. त्याचे मूळ ‘खाणे’ या अर्थाच्या इटालियन क्रियापदात आहे. याच बोलीतील ‘हुनार’ म्हणजे ‘न्याहाळणे, एखाद्यास पुरते ओळखून असणे’. या शब्दाचा माग काढू लागले असता आपण प्रथम स्पेनमध्ये आणि तेथून थेट भारतात येऊन पोहोचतो.

‘हुनार’ हा शब्द स्पेनमधील रोमा, म्हणजे जिप्सी, लोकांच्या ‘कालो’ बोलीतला असून तेथे त्याचा अर्थ ‘ऐकणे’ असा आहे. रोमानी भाषेतील त्याचे रूप ‘शुनेल’. संस्कृत ‘शृणोति’ आणि हिंदी ‘सुनना’ हे त्याचेच आप्त होत. कालोमधील ‘चानेलार’ म्हणजे ‘जाणणे, समजणे’. रोमानी ‘जानेल’ मधील ‘ज’ हा वर्ण स्पॅनिश उच्चारात न बसल्याने त्याच्या जागी ‘च’ आला. आपले ‘जाणणे’ व संस्कृत ‘जानाति’ ही त्याच कुळातील रूपे आहेत. ‘दिकेलार’, म्हणजे ‘पाहणे, ध्यानात येणे’, याचे नाते प्राकृत ‘देक्खइ’शी व मराठी ‘देखणे’शी आहे. अशा रीतीने ऐकणे, जाणणे आणि देखणे हे तीनही भारतीय धातू स्पेनच्या बोलीत जाऊन बसले.

हे शब्द सहजासहजी टिकलेले नाहीत. १४२५ मध्ये आरागॉनच्या राजाने या लोकांच्या एका प्रमुखास प्रवासाचे अभयपत्र दिले होते. परंतु १४९९ पासून त्यांच्याविरुद्ध राजाज्ञा निघू लागल्या. १६३३ व १७८३ च्या आज्ञांनी त्यांच्या भाषेवरही बंदी घातली, तर १७४९ मध्ये हजारो स्त्रीपुरुषांना एकाच वेळी पकडून कोंडण्यात आले. कालांतराने रोमानीचे व्याकरण स्पेनमधून लुप्त झाले व शब्द तेवढे स्पॅनिश प्रत्यय लावून उरले. म्हणूनच ‘चानेलार’ची जात भारतीय आणि ‘आर’ हे शेपूट स्पॅनिश, असा संकर दिसतो.

अशा शब्दांना कोशात स्थान द्यावे की नाही, हा वाद नवा नाही. जॉर्ज बॉरोने १८४१ साली ‘द झिंकाली’ या ग्रंथात कालोचा शब्दसंग्रह छापला; लुन्फार्दोच्या अभ्यासासाठी ब्वेनोस आयरेस येथे १९६२ साली स्वतंत्र अकादमी स्थापन झाली. ज्यांची भाषा राजाज्ञेने बंद केली त्यांचा इतिहास त्यांच्या विरोधकांच्या कागदपत्रांत एकांगी उतरतो. त्यांचे स्वतःचे असे जे काही उरते, ते पुष्कळदा या हिणवलेल्या शब्दांतच उरते. बोलभाषेचा शब्द ग्राम्य म्हणून वगळण्यापूर्वी तो कोठून आला हे पाहणे, म्हणूनच, अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.