मुंबईतील एक दिवस : खरेदीपलीकडचा

आपल्या समाजातील व्यापारी कुटुंबांना मुंबई नवी नाही. मंगलदास मार्केट, मूळजी जेठा मार्केट, झवेरी बाजार यांच्या गल्ल्या आपल्याला पाठ असतात. सकाळी गाडीतून उतरावे, माल पाहावा, भाव ठरवावा आणि रात्रीच्या गाडीने परतावे, असाच बहुतेकांचा शिरस्ता. वर्षानुवर्षे मुंबईस जाऊनही तेथील कलादालन वा नाट्यगृह न पाहिलेली माणसे आपल्यात पुष्कळ आहेत. वास्तविक या वास्तूंचा आणि व्यापाऱ्यांच्या वहीखात्यांचा संबंध फार जवळचा आहे. तो मुलांना दाखविण्यासाठी तरी एक दिवस राखून ठेवावा.

दिवसाचा आरंभ पायधुनीच्या श्री गोडीजी पार्श्वनाथांच्या दर्शनाने करावा. १८१२ मध्ये स्थापन झालेले हे मंदिर बाजारपेठेच्या अगदी मध्यभागी आहे. तेथून ओव्हल मैदानाकडे यावे. समोर विद्यापीठाचा राजाबाई मनोरा दिसतो. आत चढून जाण्याची सर्वसामान्यांना मुभा नाही. परंतु मैदानातून तो उत्तम दिसतो. उंची सुमारे २८० फूट. आराखडा इंग्लंडमधील सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. मनोऱ्यावर मात्र पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातिजमातींचे पुतळे आहेत.

हा मनोरा सुरतेहून आलेल्या प्रेमचंद रायचंद या जैन व्यापाऱ्याच्या देणगीतून उभा राहिला. त्यांनी दोन लक्ष रुपये दिले आणि मनोऱ्यास आपल्या मातोश्री राजाबाई यांचे नाव दिले. मातोश्री दृष्टिहीन होत्या, सूर्यास्तापूर्वी भोजनाचा त्यांचा नियम होता आणि घड्याळाच्या टोल्यांवरून त्यांना वेळ कळावी हा हेतू होता, अशी आख्यायिका सांगतात.

या मनोऱ्यामागचा हिशेब व्यापाऱ्याने अवश्य समजून घ्यावा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्या पैशातून कंपन्यांचे पेव फुटले. शेअरच्या तारणावर बँकांनी सढळ हाताने कर्जे दिली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि तारण कागदापुरते उरले. त्या काळची बँक ऑफ बॉम्बेसुद्धा त्यातून वाचली नाही. ज्यांच्या शब्दावर बाजार चाले, त्या प्रेमचंदशेठजींचे वैभवही ओसरले. पुढे १८७५ मध्ये शेअर दलालांची संघटना उभारणाऱ्यांत ते होते. म्हणजे पडल्यावर ते उठले. परंतु तेजीच्या दिवसांत देऊन टाकलेली रक्कम मंदीला हिरावून नेता आली नाही. १८६९ मध्ये मनोऱ्याचा पाया घातला गेला आणि १८७८ मध्ये काम पूर्ण झाले. त्या तेजीतील किती कंपन्यांची नावे आज आपल्याला सांगता येतील?

तेथून चालत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावे. जॉर्ज विटेट यांनी रचलेली ही वास्तू १९२२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. येथे श्रवणबेळगोळ येथील भगवान बाहुबलींची नवव्या शतकातील कांस्यमूर्ती आहे. डोंगरावरील विराट गोमटेश्वरापेक्षाही ती जुनी. अंगावर चढलेल्या वेली आणि खांद्यांवर रुळणाऱ्या जटा पाहताना मोठ्यांनाही बोलावेसे वाटत नाही. कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्यांची पानेही संग्रहात आहेत. अशा पोथ्या श्रावक व्यापारी लिहवून घेत आणि शास्त्रदान म्हणून साधूंना व भांडारांना अर्पण करीत. चित्रकाराचा संसार त्यावर चाले आणि धर्मही टिके. आपल्या गावच्या मंदिरातील पोथ्या कोणत्या कपाटात, कोणत्या अवस्थेत आहेत, हा प्रश्न येथून निघताना मनात यावा.

शेजारीच जहांगीर कलादालन आहे. सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून ते १९५२ मध्ये सुरू झाले. प्रवेशास शुल्क नाही. चित्र कळलेच पाहिजे असा आग्रह न धरता पाहावे. चित्रकार अनेकदा तेथेच बसलेला असतो, त्याला विचारावे.

राहिले नाटक. विष्णुदास भावे सांगलीहून आपली मंडळी घेऊन १८५३ मध्ये मुंबईत आले, तेव्हा त्यांचे प्रयोग ग्रँट रोडच्या नाट्यगृहात झाले. ते उभारण्यातही नाना शंकरशेठ या व्यापारी घराण्यातील पुरुषाचाच हात होता. आज दादरचे शिवाजी मंदिर मराठी नाटकाचे हक्काचे घर आहे. चौविहार पाळणाऱ्यांनी वेळेचा मेळ आधी बसवावा. उन्हाळ्यात सूर्यास्त सातनंतर होत असल्याने दुपारचा प्रयोग पाहून जेवण साधते. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तेव्हा आधी जेवण उरकून रात्रीच्या प्रयोगास जावे. जाहिरात पाहून तिकिटे आगाऊ काढावीत.

एक दिवस दुकान मुनीमजींवर सोपविल्याने फारसे बिघडत नाही. उद्या गादीवर बसणाऱ्या मुलामुलींना मात्र सोबत न्यावे. नफा कसा मिळवावा हे ती दुकानात शिकतीलच. मिळविलेल्यातून काय द्यावे आणि केव्हा द्यावे, हे ओव्हल मैदानात उभे राहून त्यांना सांगता येईल.