वसई कशी घेतली?



आपल्या बदलापूर-अंबरनाथच्या बाजूने वाहणारी उल्हास नदी कल्याणवरून ठाण्याकडे जाते आणि तिचे पाणी पुढे वसईच्या खाडीने समुद्राला मिळते. त्या खाडीच्या मुखाशी, उत्तर तीरावर, वसईचा कोट उभा आहे. शत्रूच्या ताब्यातले तटबंदीचे शहर पायदळ कसे परत घेते, हे समजावून घ्यायचे असेल तर आपल्याला परदेशी जावयास नको. आपल्याच नदीच्या काठाकाठाने गेले तरी पुरे.

प्रथम शहर कोणते होते ते पाहू. हुमायूनच्या धास्तीने गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ साली वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली. ज्यांच्या घरादारांचा, शेतांचा हा व्यवहार झाला त्यांना कोणी विचारले नाही. पोर्तुगीजांनी तेथे दगडी तटबंदी उभारली, दहा-अकरा बुरूज बांधले आणि वसईला आपल्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी केली. तटाच्या आत गोऱ्या सरदारांचे वाडे, मठ आणि चर्चे. तटाच्या बाहेर शेतकरी, कोळी, भंडारी. हिंदूंच्या उघड धर्मविधींना बंदी, देवळांचा विध्वंस, पोरक्या मुलांना मिशनऱ्यांच्या हवाली करण्याचा कायदा, असा हा कारभार होता. अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊबंद पेशव्यांकडे दाद मागत राहिले ते या कारणाने. म्हणून १७३७ साली मोहीम निघाली ती नुसत्या खंडणीसाठी निघाली नव्हती. दोनशे वर्षांपूर्वी लोकांना न विचारता दिलेला मुलूख परत घेण्यासाठी ती होती.

आता लढाईची अडचण कोणती ते पाहा. १७३७च्या वसंत ऋतूत बाजीरावाचे घोडदळ दिल्लीच्या वेशीपर्यंत जाऊन आले. त्याच सुमारास इकडे ठाण्याचा अर्धवट बांधलेला किल्ला मराठ्यांनी घेतला आणि साष्टी बेट हाती आले. परंतु वसईपुढे घोड्याचा उपयोग नव्हता. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी, पूर्वेला चिखल व दलदल. जमिनीवरून जवळ जायला जागा एकच, ती उत्तरेच्या अंगाची वाळूची सपाटी; आणि तिच्यावर तटावरच्या तोफांचा सारखा मारा. शिड्या लावून एकदम चढून जाण्याचा उपाय १७३७ साली करून पाहिला. तो फसला आणि माणसे मात्र हकनाक गेली. वीस कोस एका दमात कापणाऱ्या फौजेला येथे चारशे हात जमीन ओलांडता येईना.

चिमाजी अप्पाने यातून जो मार्ग काढला तो तीन पायऱ्यांचा होता.

पहिली पायरी म्हणजे शहराला एकटे पाडणे. कोट कितीही भक्कम असला तरी त्याला दाणा, दारू आणि ताजी माणसे बाहेरूनच यावी लागतात. म्हणून १७३९च्या जानेवारीत माहीम, तारापूर ही उत्तरेची ठाणी आधी घेतली. तारापूरच्या तटाशी बाजी भिवराव रेठरेकर हा पेशव्यांचा जिवलग सरदार पडला. त्याच महिन्यात व्यंकटराव घोरपड्यांच्या फौजेने गोव्यात शिरून मडगावपर्यंत धडक मारली, त्यामुळे गोव्याच्या पोर्तुगीजांना आपलेच घर सांभाळणे भाग पडले. समुद्राच्या बाजूला मानाजी आंग्र्यांचे आरमार होते. मुंबईच्या इंग्रजांनी पोर्तुगीजांना दारूगोळा पुरविला आणि चर्चची चांदी तारण ठेवून कर्जाऊ पैसेही दिले. परंतु आपली पलटण घेऊन मदतीला काही ते आले नाहीत.

दुसरी पायरी खणण्याची. १७ फेब्रुवारी १७३९ रोजी वेढा सुरू झाला आणि फौज जमीन उकरू लागली. तटाकडे सरळ चर खणला तर तटावरची तोफ त्या चरातून आरपार गोळा सोडते. म्हणून चर नागमोडी न्यावा लागतो. चार हात डावीकडे, चार हात उजवीकडे, असे करीत पुढे सरकायचे आणि उकरलेली माती शत्रूच्या अंगाला टाकून तिचाच आडोसा करायचा. मध्येच मातीचे उंच दमदमे घालून त्यांवर आपल्या तोफा चढवायच्या, म्हणजे तटावरच्या गोलंदाजाला डोके वर काढता येत नाही. त्यात वसईची जमीन वाळूची. वाळूतला चर दिवसा खणावा आणि रात्रीत ढासळावा, अशी गत. हे काम भालाईताचे नाही. ते कुदळ, फावडे आणि पाटी यांचे काम आहे. पोटासाठी विहिरी खणणारा बेलदार आणि खडकात सुरुंग लावणारा सुरुंग्या हेच अशा वेढ्यातले खरे वाटाडे असतात. बाकीच्या शिपायांनी त्यांच्या हाताखाली शिकायचे असते.

तिसरी पायरी सुरुंगाची. चर तटाच्या पायाशी पोचला की जमिनीखालून बोगदा काढून पायाखाली कोठडी खणतात. तीत दारू भरतात, कोठडीचे तोंड दगडमातीने घट्ट बुजवितात आणि दारूची वात मागे सोडतात. तोंड नीट बुजले नाही तर स्फोटाचा जोर बोगद्यातूनच मागे येतो आणि तट उभाच राहतो. दारू ओलसर निघाली तर सुरुंग उडत नाही, किंवा नको त्या वेळी उडतो. या शेवटच्या गोष्टीची किंमत वसईला फार भारी पडली.

घाईही होती. त्याच वेळी नादिरशहाने कर्नालला मोगलांचा पराभव करून दिल्ली लुटली होती. तो दक्षिणेकडे वळला तर बाजीरावाला साऱ्या फौजा एकत्र हव्या होत्या. पावसाळाही दाराशी येऊन ठेपलेला. आषाढात चर पाण्याने भरले की तीन महिन्यांचे श्रम वाहून जाणार.

१३ मे रोजी सुरुंगांना बत्ती दिली. तटाला खिंडार पडले आणि माणसे त्यात घुसली. तोच मागे राहिलेला एक सुरुंग उशिरा उडाला आणि आपलीच माणसे दगडांखाली गाडली गेली. वरून हातबाँब, दगड आणि बंदुकांचा मारा चालू होता. हल्ला मागे हटला आणि पुन्हा चढला. तटावर लढणारेही कच्चे नव्हते. किल्लेदार सिल्व्हेरा वेढ्यात पडला तरी त्याच्या जागी आलेल्या परेराने झुंज सोडली नाही. पण सेंट सेबॅस्टियनचा बुरूज मराठ्यांच्या हाती पडून त्यावर पाय रोवले गेले, तेव्हा आतल्यांनी बोलणी मागितली. १६ मे रोजी तह झाला. आतल्या शिबंदीने शस्त्रांनिशी, नगारे वाजवीत, निशाणे घेऊन बाहेर पडावे. रहिवाशांनी आपली चीजवस्तू न्यावी. जे मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक असावी, अशा त्यातल्या अटी होत्या. २३ मे रोजी मराठ्यांचे निशाण वसईवर लागले. जिंकल्यावर हात आवरता घेणे हेही लढाईचेच एक काम आहे. वसईच्या आसपास आजही मराठी बोलणारी ख्रिस्ती गावे नांदत आहेत, हे या जागी ध्यानात ठेवावे.

मराठ्यांच्या स्वतःच्या हिशेबाने त्यांची पाच हजार माणसे पडली. पोर्तुगीजांची संख्या सुमारे आठशे सांगतात. एका आडच्या माणसामागे मोकळ्यावरची सहा, हा तटाचा हिशेब आहे.

कोणी म्हणेल की ही जुन्या काळची गोष्ट झाली. तोफा, विमाने आल्यावर हे सारे बदलले. म्हणून एक दुसरे उदाहरण देतो. ज्या मंडाल्याच्या किल्ल्यात लोकमान्यांनी १९०८ ते १९१४ असा तुरुंगवास काढला, ते शहर मे १९४२मध्ये जपान्यांनी घेतले. मार्च १९४५मध्ये एकोणिसावी हिंदी डिव्हिजन ते परत घ्यायला गेली. भोवती रुंद खंदक, विटांची भिंत आणि भिंतीमागे मातीचा जाड भराव. तोफांचे गोळे त्या मातीत रुतून बसत. विमानांनी बाँब टाकले तरी पायदळाचे हल्ले परतविले गेले. शेवटी २० मार्चला जपानी गटारांतून निसटून गेल्याचे कळले, तेव्हा किल्ला हाती आला. दोनशे वर्षांनी यंत्रे बदलली, पण भिंतीपर्यंत चालत जायचे काम माणसाच्याच वाट्याला राहिले. शस्त्रसामग्रीचे कारखाने ज्या गावात आहेत, त्या आपल्या गावाने तर हे विसरूच नये.

वसईची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. कोट हाती येत नाही असे दिसताच चिमाजी अप्पा म्हणाला की माझे मस्तक तोफेच्या तोंडी देऊन किल्ल्यात उडवा. गोष्ट तेजस्वी आहे. ती सांगावी, मुलांना ऐकवावी. चिमाजी अप्पाचे मोठेपणही खरेच. विजयानंतर दीड वर्षातच, १७४०च्या डिसेंबरात, तो गेला. त्याचा पुतळा वसईत आहे, नवसाची वज्रेश्वरी आहे, वसईच्या घंटांपैकी एक नाशकात नारोशंकराच्या देवळावर टांगलेली आहे. ज्या बेलदाराने वाळूत चर धरून ठेवला त्याचे मात्र नाव नाही. मला याचा राग नाही, पण नोंद असावी असे वाटते. सेनापतीचा निर्धार खरा, परंतु तट पडला तो त्या निर्धाराखाली रात्रंदिवस कोणी तरी खणत होते म्हणून.

ही नोंद का हवी, याचे उत्तरही वसईतच आहे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत इंग्रजांशी तह केला आणि त्यांची तैनाती फौज पदरात घेऊन मराठी राज्याची स्वतंत्रता गहाण टाकली. जे शहर घ्यायला पाच हजार माणसे पडली, त्याच शहरात त्रेसष्ट वर्षांनी एका सहीने सारे गेले. सही करणाऱ्याला ती पाच हजार माणसे आठवली नसतील, कारण त्यांची नावे कोणत्याच कागदावर समोर नव्हती. पुष्कळांनी मिळून कमावलेली वस्तू एकट्याला विकता येते ती अशाच वेळी, कमावणाऱ्यांचा हिशेब पुसला गेल्यावर.

वसईला गेलात तर समुद्राचा दरवाजा आणि चर्चचे अवशेष अवश्य पाहा. नंतर उत्तरेच्या तटाकडे थोडा वेळ जाऊन उभे राहा. तेथून बाहेरची सपाटी पाहा आणि ती खणत खणत पुढे येणाऱ्या माणसांचा विचार करा. शहर त्यांनी घेतले.