तिसरा परिच्छेद आणि आम्ही

माझ्या पणजोबांनी नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यातच बाप्तिस्मा घेतला. वाडा तिथेच राहिला. त्याच्या टोकाला चर्च तेवढे उभे राहिले. गावाने आमचा पाणवठा बदलला नाही.

1950 सालचा राष्ट्रपतींचा आदेश मात्र धर्म सोडला की जात सुटते असे धरून चालतो. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने परधर्मीय दलिताला अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवले. 1956 साली सर्व शीख दलितांना, 1990 साली बौद्धांना जागा मिळाली. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. हा परिच्छेदच काढून टाका, असे रंगनाथ मिश्रा आयोगाने 2007 साली सांगितले. ते झाले नाही.

म्हणून आमच्यातले कित्येक दाखल्यावर हिंदू आणि रविवारी ख्रिस्ती. ही घटनेशी फसवणूक आहे, असे सर्वोच्च न्यायालय 2024 साली म्हणाले. कायद्याने असेल, पण पोराच्या फीसाठी ज्याने कधी हात पसरला नाही, त्याने तरी त्यांना ढोंगी म्हणू नये.

आणि दोष एकट्या दिल्लीचा नाही. प्रभुभोजनाला एकाच भाकरीचा तुकडा घेणारे आम्ही, सोयरिकीची बोलणी निघाली की हळूच विचारतो, "मूळचे कोण?"

मी रविवारी उपासनेला जातो, 14 एप्रिलला मिरवणुकीत चालतो. दोन्हीकडे मला उपरा समजणारे आहेत.