संकेतस्थळावरील शोध आणि निघंटूची परंपरा

पनवेल आणि आयुर्वेदीय औषधनिर्मिती यांचे नाते जुने आहे. श्री धूतपापेश्वर या औषधनिर्मिती संस्थेचा आरंभ १८७२ साली याच गावी झाला. येथील काष्ठौषधींच्या दुकानात कोणी ‘गुळवेल’ मागो, ‘गुडूची’ मागो वा ‘अमृता’. जाणता दुकानदार एकच वस्तू काढून देतो. हीच तीन नावे एखाद्या माहितीसंपन्न आयुर्वेदीय संकेतस्थळाच्या शोधचौकटीत लिहिली, तर पुष्कळदा तीन निरनिराळी उत्तरे मिळतात. ज्या संघटना व औषधालये आपले जुने अंक, द्रव्यमाहिती आणि योगांची सूची संकेतस्थळावर ठेवतात, त्यांनी या उणिवेचा गंभीरपणे विचार करावा, असे आम्हांस वाटते.

प्रश्न केवळ सोयीचा नाही. वत्सनाभाचा समावेश औषधे नियम, १९४५ मधील अनुसूची ई(१) या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. समजा, त्याच्या शोधनाविषयीची सूचना ‘वत्सनाभ’ या नावाखाली लिहिली आहे आणि वाचकाने ‘बचनाग’ असे शोधले. उत्तर आले नाही, तर ती सूचना त्याच्यापुरती लिहिलीच गेली नाही. त्रिभुवनकीर्ती रसात वत्सनाभ आहे, हेही त्याच शोधातून कळावयास हवे.

लिहिलेले ज्ञान वेळेवर न सापडल्यास काय होते, याचा अनुभव देशाने घेतला आहे. हळदीच्या व्रणरोपण गुणावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लिखित पुरावे सादर केल्यावर १९९७ मध्ये ते रद्द झाले. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले. तेथे ग्रंथांतील योग केवळ साठविले नाहीत. पेटंट परीक्षकाला शोधता यावेत म्हणून त्यांचे वर्गीकरण केले आणि पाच परकीय भाषांत ते मांडले.

साधा शोध का फसतो?

संगणक अर्थ जाणत नाही. तो एक अक्षरमालिका दुसरीशी ताडून पाहतो. त्यामुळे मराठीत पुढील अडचणी येतात.

१) ऱ्हस्व-दीर्घ भेद : जुन्या ग्रंथांत ‘कीर्ति’ आणि १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर ‘कीर्ती’. तसेच ‘पञ्चकर्म’ व ‘पंचकर्म’.

२) सामान्यरूप : ‘हिरडा’ शोधणाऱ्यास ‘हिरड्याचे चूर्ण’ सापडत नाही.

३) टंकनभेद : ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आले. त्यापूर्वी ते ‘अ’ वर चंद्र जोडून लिहीत. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी, पण संगणकाला भिन्न.

४) जुने फाँट : युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळविलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण संगणकात भलतीच चिन्हे साठविलेली असतात. असे अंक रूपांतरित केल्यावाचून शोध अशक्य आहे.

उपाय कोणते?

प्रथम मजकूर आणि प्रश्न दोन्ही एकाच लेखनरूपात आणून मगच ताडावेत. मूळ मजकुरास हात लावण्याचे कारण नाही; शोधसूची तेवढी वेगळी करावी. विभक्तिप्रत्यय वेगळे करताना मात्र तारतम्य हवे. ‘वाळा’ या द्रव्यनामाचा ‘वाळ’ एवढाच अंश धरला, तर ‘छायेत वाळवून’ असे लिहिलेले प्रत्येक पान समोर येईल. द्रव्यनामे म्हणूनच स्वतंत्र यादीत त्यांच्या सर्व रूपांसह नोंदवावीत. रोमन लिपीत नाव लिहिणाऱ्या वाचकाचीही सोय त्याच यादीत करावी.

दुसरा उपाय पर्यायनामांचा, आणि येथे आपली परंपरा साहाय्यास येते. निघंटूकारांनी प्रत्येक द्रव्याचे पर्याय एकत्र दिले, ते याच हेतूने. तीच कोष्टके संगणकास द्यावयाची आहेत.

मात्र उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. एकच नाव दोन द्रव्यांना लावले जाते, तेथे शोधाने दोहोंची सरमिसळ करू नये. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार ब्राह्मी म्हणजे बॅकोपा मोनिएरी आणि मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका. आपल्याकडे मंडूकपर्णीला, म्हणजे कारिवण्यालाही, अनेक जण ब्राह्मीच म्हणतात. अशा वेळी यंत्राने स्वतः निवड न करता दोन्ही द्रव्ये वेगवेगळी दाखवावीत आणि ‘आपणांस यांपैकी कोणते अभिप्रेत आहे?’ असे विचारावे.

तिसरा उपाय सर्वांत स्वस्त आहे. ज्या शब्दांना एकही उत्तर मिळाले नाही, त्यांची यादी संकेतस्थळ आपोआप ठेवू शकते. ती दरमहा एका वैद्याने व एका औषधविक्रेत्याने एकत्र बसून वाचावी. कोणते पर्यायनाम राहिले, कोणता विषय लिहिलाच गेला नाही, हे त्यातून उमगते. नित्याचे वीस-पंचवीस प्रश्नही काढून ठेवावेत आणि प्रत्येक बदलानंतर त्यांची उत्तरे तपासावीत.

संगणकतज्ज्ञ यंत्र उभारील. परंतु बचनाग आणि वत्सनाभ एक, तर ब्राह्मी आणि मंडूकपर्णी दोन, हे त्यास आपणच सांगावयाचे आहे. प्रत्येक वैद्याने आपल्या भागात प्रचलित असलेली दहा द्रव्यनामे शास्त्रीय नावांसह लिहून काढली, तरी या कामाचा पाया घातला जाईल.